आभाळात वंगण कोण घालणार?

गेल्या वैशाखात फैजपूरच्या शिवारात एका केळीच्या बागेवर बोअरमधली मोटर वर काढण्याचे काम चालले होते. ज्याने हे काम पाहिले आहे त्याला वर्णन नको, आणि ज्याने पाहिले नाही त्याला त्यातली घालमेल सांगून कळायची नाही. लोखंडी तिपाई, चेनपुली, चार माणसे, एकामागून एक निघणारे वीस-वीस फुटांचे पाइप, आणि बांधावर डोक्याला रुमाल गुंडाळून बसलेला बागमालक. ऊन पंचेचाळीस अंशांचे. अशा उन्हात केळीचे पाणी चार दिवस तुटले की पाने करपतात, घड अंग धरत नाही आणि वर्षाचा हिशेब तिथेच संपतो. संध्याकाळी मोटर वर आली. मेकॅनिकने ती खोलली, हाताच्या मुठीत मावेल असा एक काळा कडा बाहेर काढला आणि मालकाच्या हातावर ठेवून म्हणाला, "काका, बुश गेला. पाण्यात वाळू येते ना!"

दोन-तीनशे रुपयांचा बुश, आणि तो बदलण्यासाठी हजारोंचा खर्च नि बागेचे चार दिवस. कारण साधे आहे. पाचशे फूट खोल बोअरमध्ये उतरून कोणी वंगण घालू शकत नाही. तिथे जो भाग फिरायचा तो आपल्या गुणावर, फार तर भोवतीच्या पाण्याच्या आधाराने फिरला पाहिजे. आणि झिजला तर मुकाट्याने, हळूहळू झिजला पाहिजे.

माझ्या आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे लोंबत असे. चाक कुरकुरले की गाडी थांबवायची, चाक आखावरून थोडे बाहेर ओढायचे, एरंडेलात कालवलेले काळे वंगण काडीने फासायचे आणि पुढे निघायचे. माणसाने चाक शोधले तेव्हापासून हाच रिवाज चालत आला. चाक आणि वंगण घालणारा माणूस यांची ताटातूट हा अगदी अलीकडचा प्रकार आहे. बोअरमध्ये ती पाचशे फुटांची झाली. उपग्रहाच्या बाबतीत ती पाचशे ते छत्तीस हजार किलोमीटरची असते.

अग्निबाण उडतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले तेव्हा आमच्या गावातही फटाके फुटले, पेढे वाटले गेले. ते योग्यच झाले. पण त्या यानाचा उतार उघडला, त्याच्या बिजागऱ्या फिरल्या, प्रज्ञान गाडीची सहा चाके वळली, याचा आनंद वेगळा असा कोणी केला नाही. घर्षणाचे हे असेच असते. ते जिंकले तर कोणाला कळत नाही, हरले तर जगाला कळते.

हरल्याची उदाहरणे पाहा. आपल्या घराघरांत दूरदर्शन पोचवणारा इन्सॅट-१बी उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकी शटलमधून सोडला गेला. वर गेल्यावर त्याचा सौरपंखा उघडेना. त्याच्या आधीचा इन्सॅट-१ए वर्षभरापूर्वीच काही महिन्यांत निकामी झालेला. त्यामुळे इथे सगळ्यांचे प्राण कंठाशी आले होते. सप्टेंबरच्या मध्यावर तो पंखा एकदाचा उघडला. पुढच्या वर्षी-दोन वर्षांत छपरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उगवले आणि आम्ही गच्चीवर चढून ते फिरवत "आलं का? आलं का?" असे ओरडू लागलो, ते सगळे त्या एका पंख्याच्या उघडण्यावर टांगलेले होते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. गुरू ग्रहाकडे निघालेले अमेरिकेचे गॅलिलिओ यान १९८९ मध्ये उडाले. एप्रिल १९९१ मध्ये त्याचा मुख्य अँटेना छत्रीसारखा उघडायचा होता. तो अर्धवट उघडून अडकला तो कायमचाच. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा: १९८६ च्या चॅलेंजर अपघातामुळे उड्डाण लांबले, यान कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा असे ट्रकने नेले-आणले गेले आणि त्या हादऱ्यांत छत्रीच्या काड्यांच्या खुंट्यांवरचे कोरडे वंगण घासून गेले. अब्जावधी डॉलरचे यान, आणि त्याचा घात ट्रकच्या प्रवासाने केला! (आमच्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून ते नेले असते तर चौकशी समितीही नेमावी लागली नसती.) शास्त्रज्ञांनी छोट्या अँटेनावर काम भागवले, पण माहितीचा ओघ नदीऐवजी ठिबकच्या थेंबांवर आला.

आता कोणी विचारील, एवढे होते तर चांगले तेल किंवा ग्रीस भरून का पाठवत नाहीत? पाठवतात, काही जागी. पण निर्वातात साधे तेल उडून जाते आणि त्याची वाफ दुर्बिणीच्या काचेवर बसून तिला आंधळे करते. सावलीत तेच तेल गोठते. पृथ्वीजवळचा उपग्रह दिवसातून सुमारे सोळा वेळा ऊन-सावली पाहतो. त्याच्या अंगाचे तापमान शंभराच्या वरून शून्याखाली शंभरापर्यंत हेलकावे खाते. उघड्या धातूंची गत तर और. जमिनीवर प्रत्येक धातूवर हवेमुळे एक अदृश्य पापुद्रा असतो आणि तोच दोन धातूंना एकमेकांपासून वेगळे ठेवतो. अंतराळात तो घासून गेला की पुन्हा धरत नाही, आणि दोन तुकडे विस्तवाशिवाय, डाग न देताच एकमेकांना चिकटतात. ग्रॅफाइटची फसगतही सांगण्याजोगी आहे. पेन्सिलीतले हे काळे द्रव्य उत्तम कोरडे वंगण. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंच उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले ग्रॅफाइटचे ब्रश बघता बघता भुकटी होऊ लागले, तेव्हा समजले की ग्रॅफाइटची घसरण हवेतल्या ओलाव्याच्या जिवावर आहे. उलट मॉलिब्डेनम डायसल्फाइड निर्वातात नामी चालते आणि दमट हवेत खराब होते. वंगणालाही आपापले हवामान असते.

तेल टाळून सोने वापरले तरी निभाव लागेलच असे नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे सौरपंखे सूर्याकडे वळते ठेवणारा एक प्रचंड सांधा आहे. त्याच्या रुळांवर वंगण म्हणून सोन्याचा मुलामा होता. २००७ मध्ये त्या सांध्यात लोखंडाचा किस सापडला. शेवटी नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळवीर ग्रीसगन घेऊन बाहेर गेले. हाइडमारी स्टेफनिशिन-पायपर यांच्या पिशवीत एक ग्रीसगन गळली. त्या पुसापुशीत अख्खी पिशवी हातून सुटली आणि पृथ्वीभोवती फिरू लागली. आजोबांच्या गाडीचे नळकांडे निदान दोरीने बांधलेले असे!

म्हणून गेली साठ वर्षे जगातले पदार्थशास्त्रज्ञ एका वेगळ्या वाटेने चालले आहेत. वंगण वरून घालायचेच नाही. फिरणारा भागच अशा पदार्थाचा करायचा की तो स्वतःच स्वतःचे वंगण असेल. शास्त्रीय मराठीत ज्याला बहुवारिक म्हणतात आणि बाजारात सरसकट प्लास्टिक, त्या पॉलिमर घराण्यातली ही माणसे आहेत. त्यांतले थोरले म्हणजे टेफ्लॉन. रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला ते १९३८ मध्ये चुकून सापडले. (टेफ्लॉन ही अंतराळ मोहिमांची देणगी, हा समज साफ खोटा आहे. 'नासा' स्थापन होण्याआधी वीस वर्षे ते अस्तित्वात होते.) टेफ्लॉनवर काही म्हणता काही चिकटत नाही. धातूवर घासले की ते आपला एक पातळ थर धातूला देऊन टाकते, पाटीवर पेन्सिल उमटावी तसा, आणि मग टेफ्लॉन टेफ्लॉनवरच घसरू लागते. पण नुसते टेफ्लॉन मऊ. दाबाखाली ते ओघळते आणि भराभर झिजते. त्यात काचेचे तंतू, काशाची पूड किंवा कार्बन मिसळला की झीज शेकडो पटींनी उतरते. किरणोत्साराने मात्र त्याच्या साखळ्या तुटतात. तिथे पॉलिइमाइड हे दुसरे भावंड उपयोगी पडते. उपग्रहावर जो सोनेरी कागद दिसतो आणि ज्याला पाहून "सोन्याने मढवलाय बघ" असे लोक म्हणतात, तो बहुतेक वेळा याच जातीचा पिवळसर पडदा असतो. त्यावर आतून ॲल्युमिनियमचा लेप असल्यामुळे तो सोन्यासारखा चमकतो, इतकेच.

पण खरा छळ पुढेच आहे. दोन-पाचशे किलोमीटर उंचीवर जी विरळ हवा उरते तिच्यात सुटे ऑक्सिजन अणू असतात. यान त्यांच्यावर सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने आदळते, आणि ते अणू प्लास्टिकला वाळवीसारखे खातात. हे नीट समजले ते एका लांबलेल्या प्रयोगामुळे. एप्रिल १९८४ मध्ये ५७ प्रयोगांचे सामान बांधलेली एक बसएवढी पेटी शटलने अंतराळात सोडली; वर्षभराने परत आणायची होती. चॅलेंजर कोसळले, सगळे ठप्प झाले आणि पेटी जानेवारी १९९० मध्ये, म्हणजे पावणेसहा वर्षांनी घरी आली. पुढच्या बाजूचे कॅप्टॉनचे पातळ पडदे खाल्ले गेले होते. टेफ्लॉनजातीचे पडदे पुष्कळ टिकले, पण खरबरीत झाले होते. त्यानंतर २००१ पासून अंतराळ स्थानकाच्या बाहेर नमुन्यांचे ट्रे टांगून ठेवायचे, वर्ष-दोन वर्षांनी परत आणायचे, मोजायचे, असा परिपाठ सुरू झाला. त्यातून निघालेली एक युक्ती मला फार आवडते. पॉलिमरच्या साखळीतच सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बारीक पिंजरे गुंफायचे. ऑक्सिजन अणू आदळले की पृष्ठभागावर काचेसारखी खपली धरते आणि आतले अंग वाचते.

आता मूळ तक्रारीकडे येतो.

या घराण्यातला तिसरा मोठा पुरुष म्हणजे पॉलिइथर-इथर-किटोन. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याचा उच्चार होतो 'पीक'. शेतकऱ्याच्या कानाला हे नाव गोड लागेल. १९७८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ते जन्मले. अडीचशे अंशांपर्यंत तग धरणारे, रसायनांना न भिणारे, किरणोत्सार सोसणारे. त्यात टेफ्लॉन, ग्रॅफाइट आणि कार्बनचे तंतू साधारण दहा-दहा टक्के घातले की बेअरिंगसाठी अव्वल माल तयार होतो. हे करणे इतके अवघड की जगात बोटांवर मोजण्याइतक्याच कंपन्या त्यात होत्या. त्या मोजक्यांत एक आपली होती. डोंबिवलीत रसायनांचा कारखाना उभारणारे केकी घरडा (१९२९–२०२४), मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे विद्यार्थी, यांनी स्वतःच्या संशोधनावर हा पदार्थ देशात तयार करून दाखवला आणि गुजरातेत पानोलीला त्याचा कारखाना घातला. आणि मग? २००५-०६ मध्ये बेल्जियमच्या सॉल्वे कंपनीने तो पॉलिमर व्यवसाय विकत घेतला. कारखाना पानोलीतच राहिला, मालकी गेली.

यात बेकायदा काही नाही आणि मी घरडांना दोष देत नाही. एकट्या माणसाने किती ओढायचे? असा माल पहिली दहा-पंधरा वर्षे थोडाच खपतो. तो ओतून पाहणारे, त्याचे बुश करून पाहणारे, झिजवून पाहणारे, चुकले तर सांगणारे असे शेकडो लहान हात भोवती असावे लागतात. तसे हात आपण तयार केले नाहीत. शेतात बी उत्तम पडले, पण निंदणी-खुरपणीला माणूस नव्हते, असा हा प्रकार.

बुद्धी नव्हती म्हणावे तर तेही नाही. पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर थुंब्याला गेले, त्यांनी अग्निबाणाच्या घन इंधनाच्या कामाची धुरा वाहिली आणि १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते. घन इंधन म्हणजे तरी काय, रबरासारख्या पॉलिमरात घट्ट मळलेले रसायनच. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलेले पॉलिमरशास्त्राचे १९८६ चे पाठ्यपुस्तक आजही विद्यार्थ्यांच्या हातात दिसते. म्हणजे पॉलिमर आणि अंतराळ यांची गाठ मराठी माणसाने फार पूर्वीच मारली आहे. ती गाठ पुण्या-मुंबईच्या पुढे, तापीकाठापर्यंत आली नाही एवढेच.

आणि तापीकाठाला प्लास्टिक परके आहे का? जळगावात १९८० च्या सुमारास वाकोदच्या भवरलाल जैन यांनी पीव्हीसी पाइपांचा उद्योग मांडला, त्यातून पुढे ठिबक आले. जळगावच्या प्लास्टिक चटया देशभर जातात. रावेर-यावलच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, ठिबकची नळी काळीच का? तो सांगेल, दुसऱ्या रंगाची उन्हात कडकते आणि फुटते. शास्त्र तेच सांगते: दोन-अडीच टक्के काजळी मिसळली की ती अतिनील किरण पिऊन टाकते आणि आतल्या साखळ्या वाचतात. उपग्रहाच्या पडद्यावर जो अभ्यास होतो त्याची पहिली इयत्ता आमच्या शिवारात रोज भरते. ऊन, वाळू, चढ-उताराचे तापमान आणि माणसाचा हात न पोचणे, या चार गोष्टी इथे फुकट आहेत. चंद्रावर चांद्रयानाने मोजले तेव्हा माती वर पन्नास अंशांच्या पुढे आणि आठ सेंटीमीटर खाली उणे दहा होती. तेवढी चैन अर्थात आम्हाला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, झिजेची परीक्षा घेण्याचे एक केंद्र खानदेशात निघाले पाहिजे, आणि त्याची सुरुवात अंतराळापासून नव्हे, तर बोअरच्या बुशापासून झाली पाहिजे. फिरती तबकडी, तिच्यावर दाबून धरलेला नमुन्याचा खुंटा आणि घर्षणाचे बल मोजणारी काडी, एवढे यंत्र एखाद्या बऱ्या वर्कशॉपमध्ये जुळवता येते. त्यात वाळूचे पाणी सोडा, नमुने बदला, महिनोन् महिने चालू ठेवा, नोंदी ठेवा. फैजपूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जळगावच्या विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरला प्लास्टिक अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था आहे. नाही ती चिकाटी. आपल्याकडे सर्वत्र शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चार महिन्यांत उरकतो आणि बांधणी झालेली वही कपाटात जाते. झीज चार महिन्यांत कळत नाही. एका तुकडीने लावलेला नमुना तिसऱ्या तुकडीने काढायचा, असा वारसा ठेवावा लागेल. आंब्याचे झाड लावणाऱ्याला हे शिकवावे लागू नये. ब्रिटनमध्ये १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला दाखवून दिले की नुसते घर्षण आणि वंगण नीट सांभाळले तर देशाचे वर्षाला पन्नास कोटी पौंडांहून अधिक वाचतील. त्या अहवालानंतर तिकडे या विषयाची केंद्रे निघाली. आपल्या तालुक्यात दर उन्हाळ्यात किती मोटरी बुशापायी वर निघतात, याची गणती कोणी केली आहे?

आणि पुढची पायरीही आता पूर्वीइतकी उंच नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी बांधलेला एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह जून २०१६ मध्ये पीएसएलव्हीतून वर गेला. २०२० पासून अंतराळ क्षेत्र खासगी उद्योगांना आणि संस्थांना खुले झाले. २०२२ पासून इस्रो एक वेगळी सोय देते: उपग्रह सोडून झाल्यावर पीएसएलव्हीचा चौथा टप्पा वाया न घालवता काही काळ प्रयोगांचे व्यासपीठ म्हणून फिरता ठेवते आणि त्यावर महाविद्यालयांची उपकरणेही जातात. तो टप्पा परत येत नाही, म्हणून झिजलेला तुकडा हातात मिळणार नाही. पण तळहाताएवढी तबकडी, त्यावर खुंटा आणि घर्षणाचे आकडे खाली धाडणारे यंत्र, हे जमण्यासारखे आहे. इकडे जमिनीवर तीन वर्षांच्या नोंदी असतील तरच त्या आकड्यांना अर्थ.

"केळीला भाव नाही, आणि हे महाशय चंद्रावर बुश बसवायला निघाले," असे कोणी म्हणेल. म्हणोत. १९३६ च्या डिसेंबरात याच फैजपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरायचे ठरले तेव्हाही, खेड्यात एवढा डोलारा कसा उभा राहणार, अशी शंका घेणारे होतेच. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस इथे आले आणि त्यांनी गांधीजींच्या सांगण्याप्रमाणे आसपास मिळणाऱ्या बांबू-तट्ट्यांतून टिळकनगर सजवले. हाताशी असलेल्या पदार्थाचा गुण ओळखणे हीच त्यांची करामत होती. आज आमच्या हाताशी बांबूपेक्षा प्लास्टिक अधिक आहे, हे कोणाला आवडो न आवडो.

त्या न आवडण्यालाही आधार आहे, ते नाकारणार नाही. टेफ्लॉनच्या कुळातली फ्लोरिनयुक्त द्रव्ये निसर्गात विघटित होत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी त्या साऱ्या कुळावर निर्बंध सुचवले, आणि आपल्या बांधावर वापरून फेकलेल्या ठिबकच्या नळ्या जळताना सुटणारा धूर आपण सगळ्यांनी हुंगला आहे. अंतराळात जो टिकाऊपणा गुण, तोच जमिनीवर कधी अवगुण ठरतो. पण हे ओळखायलाही तीच विद्या लागते: कोणता पदार्थ किती दिवसांत, कशाने आणि किती झिजतो हे मोजण्याची. फ्लोरिनशिवाय घसरणारा पदार्थ शोधण्याची शर्यत तिकडे सुरू झाली आहे, आणि ज्याच्याकडे मोजण्याचे यंत्र नाही त्याला त्या शर्यतीत प्रेक्षकाची जागा मिळेल.

३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. त्याचा बारा मीटर व्यासाचा अँटेना नऊ मीटर लांबीच्या भुजेवर घडी घालून ठेवला होता. एकेक सांधा सोडवत तो १५ ऑगस्टला पुरता उमलला. तो अँटेना आणि ती भुजा अमेरिकेची होती. पुढचा असा अँटेना उमलेल तेव्हा त्याच्या एखाद्या बिजागरीतला बुश कोठे झिजवून पाहिलेला असेल, हे आजच ठरायचे आहे. मेकॅनिकने काकांच्या हातावर ठेवलेला तो काळा कडा मी मागून आणला आहे. एका बाजूने तो साफ अर्धा झिजला आहे, दुसऱ्या बाजूने जवळपास नवा. याचा अर्थ दांडा वाकडा फिरत होता, की वाळू एकाच बाजूने शिरत होती? यंदाच्या तुकडीतल्या दोन मुलांना मी तो दिला आहे.